'स्पायडरमॅन २' आज पुन्हा पाहताना

माळ्यावरचा_पंखा

पीटर पार्करचं भाडं थकलंय. सॅम रायमीच्या 'स्पायडरमॅन २'चा (२००४) सुरुवातीचा बराच वेळ एवढंच सांगण्यात जातो, आणि माझं म्हणणं असं की हा सिनेमा आजही टिकून आहे तो याच कारणाने. खलनायक यायला अजून अवकाश आहे. तोवर पीटरला पिझ्झे पोचवायचेत, कॉलेजात प्राध्यापकाची बोलणी खायचीत, पेपरच्या ऑफिसात फोटो विकायचेत. तिथे हातात पडलेला चेक आधीच्या उचलीत वळता होतो, वर उचल शिल्लकच राहते. खोलीवर यावं तर घरमालक 'भाडं?' म्हणून पुढ्यात हजर.

पिझ्झ्याचा प्रसंग घ्या. दुकानाची २९ मिनिटांची हमी आहे, ऑर्डर ४२ ब्लॉक लांबची, ८ पिझ्झे, आणि घड्याळाचा बराचसा काटा आधीच फिरून गेलाय. पीटर ट्रॅफिकमध्ये अडकतो, गल्लीत शिरून कपडे बदलतो, इमारतींवरून झोके घेत निघतो, वाटेत ट्रकखाली येणारी दोन पोरं वाचवतो आणि त्या ऑफिसातल्या झाडूच्या कपाटात उतरतो. आता बाहेर पडायचं तर एकेक झाडू त्याच्या अंगावर पडतोय. एक लावला की दुसरा निसटतो. रायमी घाई करत नाही, रिसेप्शनवरची बाई निर्विकारपणे बघत राहते. मग ती घड्याळाकडे बघते आणि पैसे द्यायला नकार देते. नोकरी गेली.

पहिल्या भागात (२००२) ताकद मिळाली, 'मोठ्या ताकदीबरोबर मोठी जबाबदारी येते' हे सुप्रसिद्ध वाक्य झालं, छान. दुसऱ्या भागात त्या वाक्याचं बिल आलंय. स्पायडरमॅन असणं म्हणजे बिनपगारी, बिनसुट्टीची पाळी. त्याचं जिच्यावर प्रेम आहे त्या मेरी जेनच्या नाटकाला तो पोचतो तेव्हा दार बंद झालेलं असतं आणि दारावरचा माणूस त्याला नियम सांगतो. (तो माणूस ब्रूस कॅम्बेल. रायमीचा जुना दोस्त, तिन्ही भागांत तो छोट्याशा भूमिकेत पीटरला भेटतोच.)

तिकडे मे काकूचं घर जप्तीच्या वाटेवर. ती बँकेत कर्जाची फेररचना करून मागायला जाते, पियानोच्या शिकवण्या घेते म्हणून सांगते. बँकवाला गोड हसून नाही म्हणतो. काकू म्हणते, निदान खातं उघडल्यावर फुकट मिळणारा टोस्टर तरी द्या. तर तोही ३०० डॉलर भरले तरच! हा अपमान होतोय तेवढ्यात डॉक्टर ऑक्टोपस आत येऊन तीच बँक लुटायला घेतो. मला दरवेळी त्याची बाजू घ्यावीशी वाटते.

आणि ऑक्टेव्हियस, म्हणजे प्रयोगाच्या अपघातात पाठीला चार यांत्रिक हात जडून डॉक्टर ऑक्टोपस झालेला शास्त्रज्ञ. आल्फ्रेड मोलिनाने हा माणूस आधी माणूस म्हणून उभा केलाय. पहिल्या भेटीत तो पीटरला जेवायला बसवतो, बायकोशी ओळख कशी झाली ते सांगतो, एलियटच्या कविता विज्ञानापेक्षा अवघड आहेत म्हणतो. पीटरला हवं असलेलं सगळं त्याच्याकडे आहे: काम, घर, समजून घेणारी बायको. एका संध्याकाळी स्वतःच्या हट्टापायी तो ते घालवतो. एरवीचे खलनायक जग जिंकायला निघालेले असतात, याला फक्त आपला प्रयोग बरोबर होता हे सिद्ध करायचंय.

माझा सगळ्यात आवडता प्रसंग मात्र मारामारीचा नाही. स्वयंपाकघरातलं टेबल. काका गेले त्या रात्री काय झालं ते पीटर मे काकूला सांगतो: चोर माझ्यासमोरून पळाला, मी अडवू शकलो असतो, अडवला नाही. काकूचा हात त्याच्या हातात आहे. ती एक अक्षर बोलत नाही. हात काढून घेते, उठते आणि जिना चढून वर जाते. रोझमेरी हॅरिस या बाईंनी त्या एका हात काढून घेण्यात जे केलंय ते आजच्या सुपरहिरोपटांत अर्धा तास आकाश फाटत राहिलं तरी होत नाही.

तर मंडळी, तुम्हाला आज हा सिनेमा कसा वाटतो? वाद चालेल, फक्त धाग्याचा काश्मीर करू नका.

टवाळ

रुमाल टाकून ठेवतो. डबा खाऊन येतो.

शेंगदाणा_कूट

धागा झकास. ट्रेनचा प्रसंग राहिला की राव!

मी न्यू जर्सीत असतो, ऑफिस मॅनहॅटनमध्ये. इथल्या कुणाहीसोबत हा सिनेमा बघायला बसलं की ट्रेन आली रे आली की खोलीत हसू फुटतं. कारण मॅनहॅटनच्या भर वस्तीत अशी उंचावरून जाणारी लोकल आता नाहीच. थर्ड अॅव्हेन्यूवरची शेवटची १९५५ मध्ये बंद झाली. ते चित्रीकरण शिकागोतलं आहे, तिथल्या लूप भागातल्या उन्नत मार्गावरचं. म्हणजे स्पायडरमॅन न्यूयॉर्कमध्ये लढता लढता ट्रेनवर पडतो आणि शिकागोत पोचतो.

पण तरी तो प्रसंग लागतो. गाडी थांबवताना त्याचं जाळं दोन्ही बाजूंच्या इमारतींना चिकटतं, भिंतींचे तुकडे निघतात, पोशाख छातीवर फाटतो. आणि नंतर बेशुद्ध पोराला प्रवासी डोक्यावरून हातोहात आत घेतात. कुणीतरी म्हणतं, अरे हा तर पोरगाच आहे, माझ्या मुलाएवढा. दोन लहान मुलं मुखवटा परत आणून देतात, कुणाला सांगणार नाही म्हणतात. मुंबईच्या लोकलमध्ये चक्कर आलेल्या माणसाला असंच हातोहात बाकावर पोचवलेलं मी पाहिलंय, त्यामुळे तो भाग मला अजिबात फिल्मी वाटत नाही.

त्यानंतरचा विनोद कुणाच्या लक्षात येत नाही. ऑक्टोपस डब्यात शिरतो, प्रवासी एकेक करून पुढे येतात, आधी आम्हाला पार कर म्हणतात. तो सगळ्यांना एका झटक्यात दोन्ही बाजूंना ढकलतो. झालं.

उडती_तबकडी

अॅनिमेशनच्या धंद्यात आहे, म्हणून थोडं तांत्रिक लिहिते.

ऑक्टोपसचे हात सगळे संगणकावरचे आहेत असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. खरेखुरे हात बनवले होते, मोलिनाच्या अंगावर चढवले जायचे आणि कळसूत्री बाहुल्या चालवणारे कलाकार ते हलवायचे. एकेका हाताला अनेक माणसं. मोलिनाने त्या चौघांना लॅरी, हॅरी, मो आणि फ्लो अशी नावं ठेवली होती. तो हातांशी बोलतो तेव्हा समोर खरंच काहीतरी असतं, हिरवा पडदा नसतो. नटाचे डोळे कुठे स्थिरावतात ते बघा, लगेच कळतं. धक्क्यावरच्या पडक्या इमारतीत तो एकटा बसून हातांचं 'ऐकतो', तो प्रसंग नुसत्या संगणकावर करता आला असता, पण असा झाला नसता.

मोठ्या हालचालींसाठी अर्थातच संगणक. तिथेही या सिनेमाने एक मोठी उडी मारली. पॉल डेबेव्हेक यांच्या गटाने बनवलेली लाइट स्टेज नावाची यंत्रणा वापरली. नटाला मधे बसवायचं, भोवती दिवे फिरवायचे आणि प्रत्येक दिशेने प्रकाश पडल्यावर त्वचा कशी दिसते त्याचे फोटो काढून ठेवायचे. मग पडद्यावर कुठलाही प्रकाश असो, त्या नोंदींवरून चेहरा बनवता येतो. पीटर झालेला टोबी मॅग्वायर आणि मोलिना दोघांचे चेहरे असे नोंदवले होते. पहिल्या भागात स्पायडरमॅन काही ठिकाणी रबरी बाहुल्यासारखा वाटतो, दुसऱ्यात ते बरंच कमी झालं. २००५ चं दृश्य परिणामांचं ऑस्कर याच सिनेमाला गेलं, समोर 'हॅरी पॉटर'चा तिसरा भाग आणि 'आय, रोबोट' होते.

तरी ऑक्टोपस आणि स्पायडरमॅन इमारतीच्या भिंतीवर भांडतात त्यात काही शॉट आता उघडे पडतात. वजन जाणवत नाही. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

माळ्यावरचा_पंखा

@उडती_तबकडी, अशा प्रतिसादांसाठीच धागा काढला होता. वाचनखूण साठवली.

अवकाळी

मला वाटतं सगळे फार प्रेमात आहात. मेरी जेनबद्दल कुणीच बोलेना.

तिला या सिनेमात काय काम आहे? वाट बघणे, रुसणे, पळवून नेली जाणे, किंचाळणे. ती नाटकात काम करते, तिचे फोटो शहरभर लागलेत, म्हणजे तिची कारकीर्द पीटरपेक्षा कितीतरी बरी चालली आहे. पण त्याचं पुढे काही होत नाही. कर्स्टन डन्स्टसारखी नटी हाताशी असताना! अंतराळवीराशी लग्न ठरवते ते का, हे दिग्दर्शकालाही पडलेलं नाही. त्या बिचाऱ्या जॉन जेमसनला तर पुरती चार वाक्यंही नसतील. आणि तो चुंबनाचा प्रसंग आठवा. त्याचं डोकं सोफ्याच्या पाठीवर टेकलेलं, ही वाकून चुंबन घेते, पहिल्या भागातल्या त्या उलट्या चुंबनाशी ताडून पाहायला. ज्याच्याशी लग्न करणार त्याची अशी परीक्षा?

पीटरचं भाडं थकलंय हे खरं, पण त्याचा सगळा हिशेब मेरी जेनच्या खात्यावर टाकलाय असं मला वाटतं.

माळ्यावरचा_पंखा

अवकाळीताई, पहिल्या पाऊण सिनेमाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. शेवटाबद्दल नाही. तिला सगळं कळल्यावर ती स्वतः ठरवते. पीटर तिच्यासाठी निर्णय घेत होता, तुझ्या भल्यासाठी म्हणून लांब राहत होता, ते ती ऐकून घेत नाही. दारात येऊन उभी राहते आणि म्हणते, माझ्या धोक्याचं काय ते मला ठरवू दे. त्या काळच्या नायिकांच्या मानाने हे बरंच आहे.

आणि शेवटचा शॉट बघा. सायरन वाजतो, ती त्याला जा म्हणते, तो झोके घेत निघतो, संगीत चढतं. कुठलाही दिग्दर्शक तिथेच संपवेल. रायमी परत तिच्या चेहऱ्यावर येतो. ती खिडकीत उभी आहे आणि काळजीत आहे. या माणसाबरोबर राहणं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळतंय.

अवकाळी

शेवटचा शॉट दिला तुम्हाला. बाकी मत कायम.

प्रयोगशाळेतला_उंदीर

विज्ञानाबद्दल कुणी बोललं नाही हे बरंच झालं, मीच बोलतो.

ऑक्टेव्हियसचा प्रयोग ट्रिटियम वापरून संलयन, म्हणजे हलकी अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवणं, घडवायचा. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी भाऊ, अर्धायुष्य सुमारे १२ वर्षं. दुर्मीळ आहे हे खरं. पण सिनेमात त्याचा लिंबाएवढा गोळा चकाकत ठेवलाय, तो चिमट्यासारख्या हातांनी उचलून मध्ये ठेवला की छोटा सूर्य पेटतो आणि मग खोलीतल्या चमचे-सुऱ्या ओढायला लागतो. नेहमीच्या तापमानाला ट्रिटियम वायू असतो हो! आणि संलयनाची खरी अडचण अगदी उलटी आहे. ते हाताबाहेर जात नाही, हातात राहतच नाही. तापमान किंवा दाब जरा बिघडला की प्रक्रिया विझते. जगभरचे शास्त्रज्ञ ते पेटतं ठेवायला दशकं घालवतायत आणि इथे ते विझवायला नदीत बुडवावं लागतं.

तरी एक गोष्ट मला पटते. अपघात होतो तो गणित चुकल्यामुळे, आणि ते चुकलंय हे माणसांसमोर, पाहुण्यांसमोर कबूल करायची त्याची तयारी नसते. बंद करा म्हणून सगळे ओरडतायत, हा म्हणतो स्थिर होईल. प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही तो क्षण ओळखीचा वाटेल. निधी देणारा बाजूला उभा असताना तर जास्तच.

टवाळ

डबा खाऊन आलो. निधी देणाऱ्याच्या मुद्द्याला +१. हॅरी ऑस्बॉर्नचा चेहरा अगदी मार्चअखेरच्या साहेबासारखा झालाय त्या सीनमध्ये.

हॉररप्रेमी_हणमंत

अरे तुम्ही सगळे हॉस्पिटलचा प्रसंग विसरलात?? निषेध.

रायमी मूळचा भयपटवाला, 'द इव्हिल डेड'चा (१९८१). मोठ्या स्टुडिओच्या, २० कोटी डॉलरच्या, पोराबाळांच्या सिनेमात त्याने मध्येच दोन-तीन मिनिटांचा शुद्ध भयपट घुसवलाय. शस्त्रक्रियेच्या टेबलावर ऑक्टेव्हियस पालथा पडलाय, डॉक्टर लोक ते हात कापायला करवत चालू करतात. एक हात जागा होतो. मग पुढचं सगळं हातांच्या नजरेतून: कॅमेरा किंचाळणाऱ्या चेहऱ्यांवर झेपावतो, सावल्या भिंतीवर नाचतात, एका बाईला ओढत नेताना तिची नखं फरशीवर ओरखडे काढत जातात. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, नुसत्या किंकाळ्या आणि यंत्रांचे आवाज. रक्ताचा थेंब दाखवलेला नाही, म्हणून लहान मुलांना चालला.

शेवटी ऑक्टेव्हियस जागा होतो, आजूबाजूला बघतो आणि आकाशाकडे तोंड करून ओरडतो. तिथे तो खलनायक नसतो, हे आपल्या हातून झालं हे कळलेला माणूस असतो. आजच्या साच्यातल्या सिनेमांत असा प्रसंग आला तर त्यात कुणीतरी विनोदी वाक्य टाकेल याची खात्री आहे.

रायमीच्या सिनेमांत त्याची स्वतःची जुनी ओल्ड्समोबाइल गाडी असतेच. इथे ती बेन काकांची गाडी आहे. शोधा.

जुनं_खोड

पोरांनो, ताकद सोडून देण्याची गोष्ट २००४ मध्ये सुरू झाली नाही.

कॉमिकमध्ये १९६७ चा 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा ५० वा अंक: स्टॅन ली आणि जॉन रोमिटा. पावसात गल्ली, कचऱ्याच्या डब्याबाहेर लोंबणारा पोशाख, पाठमोरा चालत जाणारा पीटर. रायमीने ते चित्र जसंच्या तसं उचललंय. आणि पडद्यावर म्हणाल तर 'सुपरमॅन २' (१९८०). तिथे क्लार्क लोइसच्या प्रेमापायी ताकद सोडतो आणि रस्त्याकडेच्या हॉटेलात एका ट्रकवाल्याचा मार खातो. स्वतःचं रक्त बघून चकित होतो. तो सीन आम्ही थेटरात पाहिलाय.

फरक असा की सुपरमॅनने सोडलेली ताकद एका हिरव्या स्फटिकाने परत मिळते, कशी ते विचारायचं नाही. पीटरची ताकद जाते ती थकल्यामुळे. मनगटातून जाळं निघत नाही, भिंतीवरून घसरतो, चष्मा परत लागतो. लिफ्टमधून पोशाखातच खाली यावं लागतं आणि शेजारचा माणूस कापडाबद्दल चौकशी करतो. डॉक्टर तपासतो तर शरीरात काही दोष नाही. अंगावर ओझं झालं की शरीर संप करतं हे वयाच्या पन्नाशीत कळतं, म्हणून तरुणपणी मला हा भाग ओढूनताणून वाटायचा, आता वाटत नाही.

अवकाळी

@जुनं_खोड, पण ताकद परत येते ती मेरी जेनला पळवल्यावर, लगेच. इतक्या सुंदर थकव्याचा इतका सोपा इलाज? त्याआधीची आग बघा. ताकद नसताना तो जळत्या इमारतीत शिरतो, एका लेकराला बाहेर काढतो, आणि मग जवान बोलताना कानावर येतं की वर चौथ्या मजल्यावर अजून एक जण अडकला होता, तो वाचला नाही. सिनेमाचं खरं उत्तर तिथे होतं: ताकद नसली तरी जायचं, आणि गेलं तरी सगळे वाचत नाहीत. त्या एका वाक्यावर सिनेमा दोन मिनिटं थांबला असता तर मी तुमच्याबरोबर दंडवत घातला असता.

माळ्यावरचा_पंखा

आता हे मात्र मला आधी सुचायला हवं होतं. आगीचा प्रसंग मी भाषणाआधीची पायरी म्हणून बघत आलो.

भाषण म्हणजे मे काकूचं, अंगणात सामान बांधता बांधता केलेलं, प्रत्येकात एक नायक असतो वगैरे. ते जरा लांबतंच. पण ती ते कुणासाठी बोलतेय? शेजारच्या छोट्या हेन्रीचं नाव घेऊन बोलते, नजर मात्र पीटरवर असते. तिला माहीत आहे असं माझं ठाम मत आहे. सिनेमा ते कुठे उघड करत नाही आणि तेच बरं.

मी_गिरगावकर

अवांतर, पण आपल्या गावाशी संबंध आहे म्हणून.

पीटरला नोकरीवरून काढणारा पिझ्झावाला मिस्टर अझीझ म्हणजे आसिफ मांडवी. जन्म मुंबईचा, वाढला इंग्लंडात ब्रॅडफर्डला, पुढे अमेरिकेत. दोन-चार मिनिटांची भूमिका, पण लोकांनी त्या पिझ्झ्याच्या इतक्या मीम केल्या की बाप रे.

दुसरं म्हणजे याच सिनेमाच्या सुमारास, २००४ मध्ये, 'स्पायडरमॅन: इंडिया' हे कॉमिक आलं. पवित्र प्रभाकर नावाचा मुलगा, मुंबईत राहणारा, भीम काका, माया काकू, मीरा जैन, आणि ताकद देणारा कोळी नव्हे तर योगी. अंगात धोतर! जीवन कांग यांची चित्रं. चार अंकांत आटोपलं. तेव्हा आम्ही त्याची यथेच्छ टिंगल केली होती. आणि २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मध्ये तोच पवित्र आला तर सगळ्यांचा लाडका! तो सिनेमा भारतात १० भाषांत लागला, त्यात मराठीही होती. २००४ च्या पावसाळ्यात आम्ही हिंदीत डब केलेला 'स्पायडरमॅन २' पाहिला तेव्हा कोळीमानव मराठी बोलेल असं कुणी म्हटलं असतं तर त्याला थेटरातून बाहेर काढलं असतं.

कट्टर_वटवाघूळ

छान चाललंय, पण 'द डार्क नाइट'पुढे (२००८) हे सगळं बालवाडी आहे. त्या बॅटमॅनपटातला हीथ लेजरचा जोकर एकीकडे आणि तुमचा चार हातांचा काका एकीकडे.

शेंगदाणा_कूट

आले!

माळ्यावरचा_पंखा

अहो वटवाघूळ, दोन्ही आवडू शकतात. पण एक सांगा, तुमच्या बॅटमॅनचं, म्हणजे ब्रूस वेनचं, भाडं कधी थकलंय का? 'द डार्क नाइट' हा शहराचा सिनेमा आहे: न्याय, व्यवस्था, अराजक. लेजरला मरणोत्तर ऑस्कर मिळालं ते योग्यच. पण बॅटमॅन स्वतः त्यात काय गमावतो ते मला कळतं, जाणवत नाही. त्याला नाही म्हणणारा बँकेतला माणूसच नाही, बँक त्याची असेल.

कट्टर_वटवाघूळ

टाळी. तरी बॅटमॅनच.

उडती_तबकडी

कुणी '२.१' पाहिलाय का? २००७ मध्ये आलेली वाढीव आवृत्ती, मूळ १२७ मिनिटांची १३५ केली. बरंचसं गाळलेलं होतं ते बरंच होतं असं वाटतं. लिफ्टचा प्रसंग वेगळा आहे आणि मूळचाच जास्त गंमतीदार आहे. मात्र एक जोड अमूल्य: पीटरने टाकून दिलेला पोशाख पेपरचा संपादक जे. जोना जेमसन (जॉनचा बाप) याच्या हाती लागतो, तो केबिनमध्ये एकटा असताना अंगावर चढवतो आणि टेबलावर उड्या मारतो. ही भूमिका करणाऱ्या जे. के. सिमन्सला कुठे थांबायचं ते कळतं, म्हणून ते चालतं.

आणि मोलिना २०२१ च्या 'नो वे होम'मध्ये परत आला तेव्हा हात पूर्ण संगणकावरचे होते. लॅरी, हॅरी, मो, फ्लो निवृत्त. अभिनय तोच, पण मला ते चौघे आठवत राहिले.

हॉररप्रेमी_हणमंत

तबकडीताई, सहमत. परत आलेल्या ऑक्टोपसला त्यांनी बरं केलं ते आवडलं, पण 'राक्षस म्हणून मरणार नाही' म्हणत नदीत जाणारा ऑक्टेव्हियस मला पुरेसा होता. त्याने स्वतः ठरवून हातांना हुकूम दिला, शेवटचं काम स्वतः केलं. त्याला वाचवायला पुढे कुणी यायची गरज नव्हती.

टवाळ

सगळे भावुक झालात, म्हणून मी माझा आवडता प्रसंग सांगतो. लग्नाचा. मुलगा अंतराळवीर, चर्च भरलेलं, आणि नवरी चिठ्ठी पाठवून पळालेली. बाई कळवळतायत. जे. जोना जेमसन बायकोला काय सांगतो? केटररला फोन लाव, कॅव्हिआरचे डबे उघडू नको म्हणावं!

हॉल, केटरर, मंडप यांचा आगाऊ भरणा केलेल्या कुठल्याही वरबापाला विचारा. सिनेमातला सगळ्यात खरा माणूस तोच आहे.

मी_गिरगावकर

आणि फुलांचा खर्च ऐकून त्याने आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं, प्लॅस्टिकची घ्या.

शेंगदाणा_कूट

म्हणजे पोराच्या पुढच्या लग्नाला तीच चालतील.